चालू घडामोडी आणि आपली मुलं: वर्गात बातमी कशी वाचायची

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी भाषक तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय तो 'वर्गात चालू घडामोडी कशा शिकवाव्यात' असा. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण कुठे ना कुठे शिकवता. कोणी कॉलेजात तासिका तत्त्वावर, कोणी खासगी क्लासमध्ये, कोणी बी.एड. करताय, कोणी वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवता. आणि जवळपास सगळेच घरातले पहिले पदवीधर. म्हणून शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातलं काही वाचून दाखवण्यापेक्षा माझ्या कामातलंच सांगते. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. त्याशिवाय गेली तीन वर्षं दर रविवारी इथल्या एका वस्तीत अकरावी ते पदवीच्या मुलामुलींबरोबर दोन तास बातम्या वाचते. मुलं मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तीन भाषांत भांडतात, त्यामुळे गोंधळ भरपूर असतो.

'चालू घडामोडी' हा शब्द आपल्याकडे स्पर्धा परीक्षेनं ताब्यात घेतलाय. महिन्याला एक पुस्तिका येते, त्यात एका ओळीचा प्रश्न आणि एका ओळीचं उत्तर. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल कधी लागला? १ ऑगस्ट २०२४. घटनापीठ किती न्यायमूर्तींचं होतं? सात. निकाल कसा? सहा विरुद्ध एक. विरोधी मत कोणाचं? न्या. बेला त्रिवेदी यांचं. मुलं हे धडाधड सांगतात. मग विचारा, की या निकालानं तुझ्या घरात, तुझ्या शेजारच्या घरात काय बदलेल? वर्ग गप्प. मी त्या पुस्तिकेची टिंगल करत नाही. त्या पुस्तिकेच्या जोरावर आपल्यातल्या कित्येक घरांत पहिला पगार आलाय. पण ती पुस्तिका बातमीला मेलेली समजते, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत बातमी अजून जिवंत असते. ती त्यांच्यावर चालून येत असते.

दुसरा प्रकार म्हणजे वादविवाद. हा शाळा-कॉलेजात फार लाडका. 'आरक्षण हवे की नको', 'ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो की नाही'. शिक्षक वर्गाचे दोन भाग करतात, उजवीकडचे बाजूने बोला, डावीकडचे विरोधात बोला, शेवटी टाळ्या. शिक्षकांना वाटतं आपण फार लोकशाहीवादी काम केलं. पण त्या वर्गात कोण बसलंय ते बघा. ठराव आरक्षणाचा आहे. एका मुलाचं त्यात फक्त मत पणाला लागलंय. दुसऱ्या मुलीचा तो बाकच पणाला लागलाय, ती ज्या बाकावर बसली आहे तो. पहिल्याला हरल्यावर काही होत नाही. दुसरीनं हरायचं म्हणजे मी इथे नसायला हवी होते असं कबूल करायचं. आणि ती जिंकली तरी काय? 'छान बोललीस, तुझ्यासारख्यांना खरं तर गरजच नाही.' हे वाक्य इथे कोणी ऐकलं नाही असा हात वर करा. बघा, एकही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकी सगळं त्याचाच विस्तार आहे. वर्गात उलटतपासणी करायची ती बातमीची करायची. मुलांच्या असण्याची नाही. आधी कागद, मग प्रश्न, आणि मत सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, मत आधी विचारतात आणि कागद कधी येतच नाही.

'कृती' या शब्दाबद्दलही बोलते, कारण हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात कृतियुक्त शिक्षण असतं. एक कृती फार प्रसिद्ध आहे. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, राइसव्हिल नावाच्या छोट्या गावात, जेन एलियट या शिक्षिकेनं तिसरीच्या वर्गात डोळ्यांच्या रंगावरून मुलांचे दोन गट केले. एका दिवशी एका रंगाच्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ, पुढच्या वेळी दुसऱ्या रंगाची. भेदभाव अंगावर आला की कसं वाटतं ते मुलांना कळावं, हा हेतू. या प्रयोगावर माहितीपट निघाले, आपल्याकडेही कार्यशाळांमधून चिठ्ठ्या वाटून 'आज तू खालच्या जातीचा' असे खेळ घेतले जातात. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. एलियटबाईंच्या वर्गातली सगळी मुलं गोरी होती. ज्यांना तो अनुभव नव्हता त्यांच्यासाठी तो प्रयोग होता. आपल्या वर्गात अर्ध्या मुलांना तो अनुभव चिठ्ठीवर मिळायची गरज नाही, ती तो दप्तरात घेऊनच येतात. त्यांना पुन्हा एकदा चारचौघांत तोच अनुभव द्यायचा, आणि बाकीच्यांना तासाभरात हळहळून मोकळं करायचं, याला मी कृती म्हणत नाही. अत्याचाराच्या बातमीवर नाटुकलं बसवू नका. कोणाला 'तुला काय वाटतं, तुमच्यात असं होतं ना' असं विचारू नका. मुलं स्वतःहून बोलली तर ऐका.

आपल्याकडे याची परंपराही आहे, ती बाहेरून आणावी लागत नाही. महाडचा सत्याग्रह १९-२० मार्च १९२७ ला झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. त्यात 'आजकालचे प्रश्न' असं सदर असायचं. म्हणजे चालू घडामोडीच. पण बाबासाहेब तिथे काय करतात? दुसऱ्या पत्रांनी काय छापलं ते समोर ठेवतात, त्यातली गफलत दाखवतात, कायदा काय म्हणतो ते सांगतात, आणि मग आपलं मत ठोकून मांडतात. मी रविवारी जे करते ते याचंच लहान मुलांचं रूप म्हणा.

आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगते.

आमच्या वर्गाची पहिली बातमी नेहमी एकच असते, कारण ती कुठल्या ना कुठल्या शहरातून येतच राहते. 'गटार साफ करताना कामगारांचा गुदमरून मृत्यू.' मी ती फळ्यावर लिहिते आणि विचारते, या वाक्यात कर्ता कोण? मराठी व्याकरणाचा तास आहे असं समजा. मुलं म्हणतात, मृत्यू. मृत्यू झाला. बरोबर, मृत्यू आपोआप झाला. उतरवलं कोणी? बातमी पुन्हा वाचा. कामगारांची नावं आहेत का? वय? ठेकेदाराचं नाव? कोणत्या अधिकाऱ्याच्या हद्दीत हे काम होतं? गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला? एकदा एका मुलीनं त्याच पानावरची दुसरी बातमी दाखवली. पाणीपुरवठा दोन दिवस बंद राहणार, अशी. त्यात अभियंत्याचं नाव होतं, फोन नंबर होता, कोणत्या भागात किती वाजेपर्यंत पाणी येणार नाही तेही होतं. ती म्हणाली, 'मॅडम, नळाच्या बातमीत सगळी माणसं आहेत आणि मेलेल्यांच्या बातमीत कोणीच नाही.' मी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही, गरज नव्हती.

पुढच्या रविवारी कायदा. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला, ही तारीख आपल्या कोणाला पाठ करावी लागत नाही. या कायद्याचं कलम ७ सांगतं, की गटाराच्या किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर ठेवता येणार नाही. कलम ९ मध्ये शिक्षा आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग न्यायालय. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला, १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख भरपाई द्या म्हणून. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं ती रक्कम तीस लाख केली. हे सगळं समोर ठेवलं की मुलांनी बातमी नव्यानं लिहायची. एक नियम कडक: जे माहीत नाही ते रचायचं नाही. ठेकेदाराचं नाव बातमीत नसेल तर 'बातमीत ठेकेदाराचं नाव नाही' असंच लिहायचं. रागाच्या भरात मुलं गुन्हेगार आपल्या मनानं ठरवून टाकतात, तेही चालायचं नाही. आपल्याविरुद्ध अफवा चालतात म्हणून आपणही अफवा चालवायच्या, असं नाही.

आमच्या वर्गात काही मुलांच्या घरी हेच काम आहे. मला ते माहीत आहे. वर्गात मी ते कधी उच्चारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातला एक जण आपण होऊन बोलायला लागला. झाकण उघडल्यावर किती वेळ थांबतात, अंगाला तेल का लावून उतरतात, दोरी कोण धरतो. सगळे वह्या काढून लिहून घेत होते. तो त्या दिवशी वर्गातला जाणकार होता. आम्ही सुरुवात 'तुझे वडील काय करतात' या प्रश्नानं केली असती तर तो पुढच्या रविवारी आला नसता, एवढं मी खात्रीनं सांगते.

दुसरी एक कृती हरभऱ्यांची. ही मुलांना फार आवडते कारण शेवटी हरभरे खायला मिळतात. २ ऑक्टोबर २०२३ ला बिहार सरकारनं जातगणनेचे आकडे जाहीर केले. अतिमागास ३६.०१ टक्के, इतर मागास २७.१२, अनुसूचित जाती १९.६५, अनुसूचित जमाती १.६८, खुला प्रवर्ग १५.५२. शंभर हरभरे घ्यायचे आणि वाटण्या करायच्या. १.६८ ला कोणीतरी दाणा दातानं तोडतो. हे झालं की दुसरी वाटणी. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी माध्यमांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी तपासलेल्या माध्यमसंस्थांमधल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातीचं एकही माणूस नव्हतं. १२१ हरभरे मांडा, १०६ एका बाजूला सरकवा. दोन्ही ढीग शेजारी शेजारी ठेवले की मग मला फार बोलावं लागत नाही. एक मुलगा मात्र हुशार निघाला. तो म्हणाला, पहिला आकडा एका राज्याचा आणि दुसरा काही माध्यमांचा, मग एकमेकांशेजारी कसे ठेवता? मी म्हटलं, शाब्बास, हे फळ्यावर लिही. आकडा कुठून आला आणि तो कशाबद्दल काहीच सांगत नाही, हे विचारायला शिकणं हा त्या कृतीचा निम्मा भाग आहे. केंद्र सरकारनं ३० एप्रिल २०२५ ला पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. सगळ्या जातींची शेवटची मोजणी १९३१ ची. ते आकडे येतील तेव्हा आपल्या मुलांना ते वाचता आले पाहिजेत. आपल्या वतीनं दुसऱ्या कोणीतरी वाचून अर्थ सांगायचा, हे पुष्कळ झालं.

मोबाइलवरच्या मजकुराचं काय, हे तुम्ही विचारणारच. एक फॉरवर्ड दरवर्षी १४ एप्रिलच्या आसपास हमखास येतो: 'आंबेडकरांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिलं होतं.' आपली मुलंसुद्धा यावर गप्प होतात, कारण त्यांनाही ते खरं वाटतं. त्यावर भाषण देऊ नका. घटनेची मराठी प्रत काढा आणि कलम ३३४ त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांना. ती मुदत प्रत्येक वेळी संसदेनं वाढवली, सध्या १०४ व्या घटनादुरुस्तीनं २०३० पर्यंत आहे. आता कलम १६ (४) वाचा, नोकऱ्यांचं. मुदत शोधा. नाही सापडत. कलम १५ (४), शिक्षणाचं, ते तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं. तिथेही मुदत नाही. वीस मिनिटांचं काम आहे. आमच्या एका विद्यार्थ्यानं हे तीन कलमांसकट आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. उत्तर कोणीच दिलं नाही, त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. तो खूश होता. मी म्हटलं पुरावा म्हणून आधी स्क्रीनशॉट काढून ठेवायचा होता.

आता अवघड विषयाकडे येते. आतापर्यंत सांगितलं त्यात आपण सगळे एका बाजूला होतो आणि समोर कोणीतरी दुसरं होतं. ते सोपं आहे. उपवर्गीकरणाच्या बातमीत तसं नाही. माझ्या वर्गात माला आहेत, मादिगा आहेत, नांदेड-लातूरकडून आलेल्या बौद्धांची मुलं आहेत, मातंगांची मुलं आहेत. १ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी काही घरांत पेढे वाटले गेले आणि काही घरांत २१ ऑगस्टच्या भारत बंदची तयारी सुरू झाली. आणि रविवारी हीच मुलं एका सतरंजीवर. मला काही जणांनी सल्ला दिला की हा विषय घेऊ नको, वर्ग फुटेल. मला तो सल्ला पटला नाही. आपण जो प्रश्न वर्गात घेत नाही तो मुलं बाहेर घेतात, आणि बाहेर त्याचे वाली वेगळे असतात.

आम्ही तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी मत मांडायला बंदी. फक्त तारखांची दोरी बांधायची. १९९४, प्रकाशम जिल्ह्यातल्या ईदुमुडी गावातून मादिगा दंडोराची सुरुवात. मग आयोग, मग अ-ब-क-ड गट, २००० चा आंध्र प्रदेशचा कायदा. २००४, चिन्नय्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. २०२४, सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं बहुमतानं चिन्नय्या निकाल चुकीचा ठरवला. १४ एप्रिल २०२५, तेलंगणाचा कायदा लागू. ५९ जातींचे तीन गट, एक टक्का, नऊ टक्के, पाच टक्के. महाराष्ट्राच्या यादीतही ५९ च जाती आहेत, हे मराठी मुलांनी लगेच पकडलं. ज्यांना ही मागणी काल कोणीतरी उकरून काढली असं वाटत होतं त्यांना तीस वर्षांची दोरी दिसली. ज्यांना वाटत होतं हा फक्त विजयाचा दिवस आहे, त्यांना दिसलं की त्याच निकालात काही न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींना क्रीमी लेयर लावण्याची गोष्टही केली आहे.

दुसऱ्या रविवारी निकालातले उतारे, बहुमताचे आणि विरोधी मताचेही. इंग्रजी जड आहे, आम्ही ओळ ओळ मोडून तीन भाषांत केली. उतारे वाटताना मी मुद्दाम कोणाला कोणता उतारा द्यायचा ते ठरवलं नाही, चिठ्ठ्या टाकल्या. नाहीतर पुन्हा तेच, जातीप्रमाणे बाजू.

तिसऱ्या रविवारी प्रत्येकानं एक प्रश्न लिहायचा, नाव न घालता, आणि डब्यात टाकायचा. मी एकेक काढून वाचत होते. एका चिठ्ठीत होतं: 'आम्ही वाटा मागितला की समाज फोडतो म्हणतात, मग तीस वर्षं वाटा न देणाऱ्यानं समाज जोडला होता का?' पुढचीच चिठ्ठी: 'जागा भरतच नाहीत, सगळं कंत्राटी झालं, मग वाटणी कशाची करताय?' बराच वेळ कोणी बोललं नाही. दोन्ही प्रश्न खरे होते आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला देता येत नव्हतं. मुलांनी मला विचारलं, तुमचं मत काय. शिक्षकानं मत लपवावं असं मला वाटत नाही, फक्त ते आधी सांगू नये. मी सांगितलं: जी जात मागे राहिली आहे तिची वाट्याची मागणी न्याय्य आहे, आणि ती करणाऱ्याला फुटीर म्हणणं मला अजिबात मान्य नाही. त्याच वेळी, वाटणी करणाऱ्या सरकारला रिकाम्या जागांचा हिशेब विचारल्याशिवाय ही वाटणी पुरी होत नाही. सगळ्यांना पटलं नाही. एका मुलानं सरळ सांगितलं, तुम्ही मधला रस्ता काढला. त्याचं म्हणणं फळ्यावर राहू दिलं.

पण त्या दुसऱ्या चिठ्ठीतून पुढचं काम निघालं. किती जागा रिकाम्या आहेत? कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज. २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्ज लिहिणं ही मी पाहिलेली सगळ्यात चांगली वर्गातली कृती आहे, कारण त्यात रागाचा प्रश्न करावा लागतो. 'आमच्यावर अन्याय का करता' असं लिहिता येत नाही. 'अमुक तारखेला अनुसूचित जातींसाठी मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, किती वर्षांपासून' असं लिहावं लागतं. पदवीच्या मुलांनी मिळून अर्ज केला. माला मुलानं मसुदा लिहिला, मातंग मुलीनं त्यातली दोन वाक्यं खोडून नीट केली. एका कार्यालयाकडून उत्तर आलं की मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. ते पत्र आम्ही अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलंय. पहिलं अपील कसं करायचं यावर पुढचे दोन रविवार गेले.

बातमीमुळे काही होतं का, असंही मुलं विचारतात, आणि तो प्रश्न थकून विचारलेला असतो. तेव्हा मी तुरुंगांची गोष्ट सांगते. राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये कोणत्या जातीच्या कैद्यानं झाडू मारायचा आणि कोणत्या जातीच्या कैद्यानं स्वयंपाक करायचा हे लिहिलेलं होतं. सुकन्या शांता या पत्रकारानं २०२० मध्ये त्यावर वृत्तांत लिहिला. मग त्या स्वतःच याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयानं त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. वृत्तांतापासून निकालापर्यंत चार वर्षं. प्रत्यक्ष तुरुंगात काय बदललं, हा मुलांचा पुढचा प्रश्न असतो, आणि तो असायलाच हवा.

आता तुमच्या नोकरीचं. इथले बरेच जण तासिका तत्त्वावर आहात, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही माहीत नाही. मी कोणालाही वर्गात जाऊन घोषणा द्या असं सांगणार नाही, ते दुसऱ्याच्या ताटातून शौर्य वाढण्यासारखं होईल. पण कागदाचा आधार घ्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वर्गात वाचला म्हणून तक्रार करणं अवघड असतं. काही निकालांचे मराठी अनुवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. राजपत्र, घटनेची प्रत, जनगणनेचे तक्ते, हे सगळं सरकारचंच आहे. काय वाचलं, कोणत्या तारखेला, त्याची नोंद वहीत ठेवा. आणि हे काम पाठ्यपुस्तक करेल याची वाट बघू नका. एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं लोकचळवळींचं प्रकरण २०२२ मध्ये वगळलं गेलं. दलित पँथर त्यातच होते. जी गोष्ट पुस्तकातून जाते ती वर्गात कोणीतरी आणल्याशिवाय येत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. वर्गात सवर्ण मुलं असतील तर? कॉलेजात शिकवणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे. मी ईडब्ल्यूएसचा निकाल घेते. ७ नोव्हेंबर २०२२, तीन विरुद्ध दोन. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख, म्हणजे महिन्याला साधारण सहासष्ट हजार. गणित मुलांनीच करायचं. मग न्या. रवींद्र भट यांचं विरोधी मत वाचायचं, त्यात ते विचारतात की गरिबांसाठीच्या तरतुदीतून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासांमधले गरीब वगळले कसे. यात कोणत्याही मुलाला आपली जात सांगावी लागत नाही आणि तरी सगळ्यांना विचार करावा लागतो. काही जण चिडतात. चिडू द्या, निकालपत्र त्यांच्या हातात आहे, त्यांनी त्यातला परिच्छेद दाखवून चिडावं.

पुढच्या रविवारी आम्ही शिष्यवृत्तीच्या बातम्या घेणार आहोत. प्रत्येकानं आपल्या कॉलेजच्या सूचनाफलकावरचा एक तरी कागद उतरवून आणायचा आहे, हप्ता कधी जमा होणार म्हणून लावलेला. ज्यांना यायचं आहे त्यांनी दोन वाजता या, पत्ता मी शेवटी देते. आता तुमचे प्रश्न घेऊया. मागे बसलेल्या मैत्रिणींपासून सुरुवात करू, त्यांचा नंबर नेहमी शेवटी लागतो.

जय भीम.